ज्वालामुखीनंतर थेट आमची चूल

विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं आणि गावागावांत माणसं तापलेलीच होती. त्यात पृथ्वीही तापते आहे, हे सांगायला एका उन्हाळ्यात पिंगळीजवळच्या आमच्या गावी एक विद्वान साहेब आले.

त्यांच्या हस्ते निर्धूर चूल पेटवायची होती. त्यासाठी आदल्या दिवशी तालुका कचेरीच्या माणसांनी आमच्या मायची चूल फोडली आणि तिथं सिमेंटच्या नळीची नवी घातली. निर्धूर चुलीशी माझं वैर नव्हतं. मायचा खोकला मलाही ऐकू यायचा. पण माय म्हणत होती, "बाबांनो, चूल वाळू द्यावी लागती." उत्तर आलं, "मावशी, साहेब उद्याच येणार आहेत." जणू माती दौऱ्याच्या तारखा पाहून वाळते.

भाषण आमच्याच अंगणात झालं. निसर्गाची कारणं साहेबांनी झोकात सांगितली: सूर्याचे चढउतार, हिमयुगं आणणारे पृथ्वीच्या कक्षेतले बदल, ज्वालामुखी. मग माणसाची पाळी आली. आता कोळसा, डिझेल, कारखाने येणार म्हणून मी सरसावून बसलो. साहेब ज्वालामुखीवरून उडी मारून थेट आमच्या चुलीत पडले. "भगिनींनो, तुमच्या या धुरानं पृथ्वी तापते आहे!"

अंगणाबाहेर त्यांची जीप मघापासून उभ्या जागी घरघरत होती. बॅटरी उतरलेली, बंद केली तर ढकलावी लागेल, असं ड्रायव्हरचं म्हणणं.

माझं डोकं सणकलं. उठून म्हणालो, "आम्ही कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतरच्या वाळक्या काड्या, जाळतो. ती हवेत जे सोडते ते पुढची कपाशी परत घेते. जमिनीतून उकरलेल्या कोळशाचं कोण परत घेणार?"

"प्रश्न शेवटी," साहेब म्हणाले.

माय पदरानं नाक झाकून बसली होती. "साहेब, ती जीप तेवढी बंद करा की. धूर समदा इकडंच यायलाय."

बाया फिसकन हसल्या. साहेबही हसले आणि चूल पेटवायला उठले. फोटो निघाला, टाळ्या पडल्या. मग ओली चूल मधोमध तडकली आणि नळी कलंडली. तोवर साहेब जीपमध्ये बसले होते. प्रश्नांची वेळ आलीच नाही.

संध्याकाळी माय अंगणात तीन दगड मांडून भाकरी थापत होती. वाऱ्यानं जाळ भलतीकडेच पळत होता, धूर तिच्या डोळ्यांत, आणि पऱ्हाटी लागली रोजच्या दुप्पट. माझ्या तोंडून शिवी गेली.

"शिव्यानं चूल होत न्हाई," माय डोळे पुसत म्हणाली. "सकाळी माती आण. अन् पुन्हा कुणी पुढारी-साहेब आला, तर त्याला म्हण, वाळंपर्यंत इथंच उन्हात बस."