जानीच्या ओळखपत्रासाठी जव्हारला

"त्यात मी त्याची कोण लिवलाय?" जानीनं विचारलं.

मी कागद पुन्हा वरून वाचायला घेतला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, टाइप केलेलं वाचायला वेळ लागतो. 'मी खाली अंगठा करणार प्रतिज्ञेवर लिहून देते की, कैलासवासी काशीनाथ यांच्याशी माझा विवाह झालेला नाही. पत्नी म्हणून कोणत्याही लाभावर माझा हक्क नाही व पुढे सांगणार नाही. कुमारी योगिता ही त्यांची मुलगी आहे.' एवढंच होतं.

"कोणी नाही असं लिहिलंय," मी म्हणाले.

"बरा," ती म्हणाली आणि डावा हात पुढं केला. टाइप करणाऱ्यानं शाईची डबी सरकवली. तिनं अंगठा नीट दाबला, उचलला, उमटलाय का ते बघितलं, आणि पदराला पुसला.

जव्हारला तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टेबलं टाकून टाइप करणारे बसतात, तिथं हे झालं. सोबत तिची मुलगी योगिता होती आणि मी होते. कामात चूक माझी होती. ती कशी झाली ते आता पहिल्यापासून सांगते. गावातल्या बायका विचारत राहतात, त्यांना एकदाच लिहून दिलेलं बरं.

काशीनाथ आमच्या मालकांच्या पलटणीत होता. मोखाड्याकडचा वारली, आमचे मालक हवालदार असताना नवा भरती झालेला. मालक सीमेवर बर्फात गेले तेव्हा त्यांची लोखंडी पेटी घेऊन आमच्या गावी तोच आला. तेराव्यापर्यंत राहिला, गुरांचं शेण काढलं, विहिरीचं पाणी भरलं. सासूबाईंनी त्याला ताट वेगळं वाढलं, ते त्यानं मुकाट धुऊन ठेवलं. त्या गोष्टीची मला अजून शरम वाटते. पुढं दरवर्षी दिवाळीला त्याचं पत्र यायचं. मी चार ओळींचं उत्तर लिहायची. बायकोबद्दल त्यानं लिहिलं होतं, 'घरी जानी आहे, बरी आहे.' मी त्यात आणखी काय विचारणार?

दोन वर्षांपूर्वी पत्र आलं नाही. यंदा श्रावणात आलं ते मुलीचं. वडील वारले, मला नाशिकला नर्सिंगला नंबर लागलाय, सैनिकांच्या मुलींच्या वसतिगृहात राहायला दाखला लागतो, आईचं ओळखपत्र नाही, तुम्ही तुमचं कसं काढलं, असं विचारलं होतं. मी चाळीसहून जास्त वर्षं या कागदांत मुरलेली बाई. सैनिकाच्या विधवेला राज्य सरकारकडून काय काय मिळतं ते मला तोंडपाठ आहे. घरपट्टी माफ होते, मुलांना शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळतं, आजारपणात मदत मिळते. पण सगळं ओळखपत्रावर. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी बायकांची मी करून दिली आहेत. म्हटलं पत्रानं होणार नाही, आपणच जावं.

साताऱ्याहून नाशिकला गेले, तिथून जव्हारची एसटी धरली. त्र्यंबक मागं पडलं की रस्ता उतरायला लागतो. आमच्याकडं डोंगर बोडके असतात, इथं सगळं हिरवं आणि ओलं. उतारावर भात लावलेला होता, त्याच्या वर चढाला नागली (आपली नाचणी). धुकं इतकं की ड्रायव्हर काचेबाहेर डोकं काढून चालवत होता. कंडक्टरनं माझा शहीद पत्नीचा पास हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"आजी, हा पास आमच्या गाडीत कधी बघितला नाय."

"मग आता बघून घे, आणि परत दे," मी म्हणाले.

मोखाड्याला उतरले, तिथं योगिता घ्यायला आली होती. खोडाळ्याच्या जीपमध्ये आम्ही चौदा माणसं आणि एक बोकड होतो. बोकड माझ्या पायावर उभा राहिला. बोकडवाल्याला म्हटलं, हा खाली घे, तर तो म्हणाला, त्याचं तिकीट दिलंय. खोडाळ्याचा बाजार होता त्या दिवशी. सुके बोंबील, प्लास्टिकच्या चपला, ताडपत्र्या, कोयते. मी पावशेर साखर आणि चहा पावडर घेतली. तिथून पाड्यापर्यंत (पाडा म्हणजे वस्ती) चिखलातून चालत गेलो. दोनदा घसरले. योगितानं हात दिला, मी घेतला नाही, तिसऱ्यांदा पडले तेव्हा घेतला.

घर कुडाचं, कारवीच्या काड्यांना माती लिंपलेली. आत अंधार आणि स्वच्छ. भिंतीवर काशीनाथचा वर्दीतला फोटो. जानी माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असेल, पण दिसायला माझ्याएवढी. पाया पडली, मग म्हणाली, "वहनी, तू पत्रात उंच वाटायची."

नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि बोंबलाची चटणी दिली. चांगली होती. मी तीन भाकरी खाल्ल्या. जेवताना समजलं की योगिताच्या आधी दोन मुलं झाली होती, दोन्ही चालायला लागायच्या आत गेली. जानीनं ते आमटी वाढता वाढता सांगितलं.

दिवस मावळायच्या आत मी दारात उजेडाला बसून अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी जव्हारला माजी सैनिकांचं शिबिर होतं, जिल्ह्याच्या कार्यालयातले साहेब तिथंच कागद घेणार होते. काशीनाथचं डिस्चार्ज पुस्तक, मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, मुलीचा जन्मदाखला, सगळं पिशवीत होतं. रकान्यात लग्नाची तारीख मागितली होती. जानी तेव्हा गोठ्यात होती. माझ्या वयाच्या निम्म्या बायकांना लग्नाची तारीख माहीत नसते. मी दरवेळी करते तसंच केलं. वैशाखातली एक तारीख धरली, वर्ष अंदाजानं टाकलं, आणि पुढं गेले. तिला विचारायला उठलेसुद्धा नाही.

सकाळी जीप, मग मोखाड्याहून जव्हारची गाडी. माझा पास, त्या दोघींची तिकिटं. जानी पास बघत होती. म्हणाली, मला मिळाला तर पोरीला भेटायला नाशकाला जाईन. मी तिला म्हटलं, हा पास वेगळा, हा माणूस सीमेवर गेला तरच मिळतो. ती म्हणाली, मग नको.

शिबिर एका हॉलमध्ये होतं. खुर्च्यांवर म्हातारे माजी सैनिक, छातीवर पदकं लावून, आणि मागं बायका. आमच्याकडं अशा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, इथं पंचवीस-तीस माणसं. टेबलामागचे साहेब स्वतः निवृत्त सुभेदार. चांगला माणूस. मला आई म्हणाले, आधी पाणी मागवलं. अर्ज वाचला. पलटणीच्या नोंदींचा कागद त्यांच्याकडं आधीच आला होता, तो शेजारी ठेवला आणि जानीकडं बघितलं.

"लग्न कधी झालं, बाई?"

मी म्हटलं, तारीख लिहिली आहे. ते म्हणाले, आई, त्यांना सांगू दे.

"लगीन नाय झाला," जानी म्हणाली.

मला वाटलं घाबरली. मी तिच्या दंडाला धरून म्हटलं, अगं झालं म्हण, तारीख कोण विचारतंय. तिनं हात सोडवून घेतला.

मग तिनं सांगितलं ते साहेब ऐकत होते आणि मीही पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्यात माणसं आधी घर मांडतात. पाडा मानतो, कोणी बोट दाखवत नाही. लग्न मागाहून, जमेल तेव्हा. त्याला धवलेरी (लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणारी बाई) बोलवायची, भिंतीवर पिठानं चौक काढायचा, सगळ्या पाड्याला जेवण घालायचं. काशीनाथची रजा यायची ती पावसात, भाताच्या कामाला. एका उन्हाळ्यात रजा मिळाली तर त्याचा बाप गेला. नंतर मुलं गेली, त्या वर्षांत कोण मांडव घालणार? मग पेन्शनीला आल्यावर दोघांनी ठरवलं, योगिताच्या मांडवातच आधी आपलं लावू. तिथं तशी रीत आहे. आईबापाचं झाल्याशिवाय मुलांचं लागत नाही, म्हणून एकाच मांडवात दोन्ही लागतात. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. योगिता बारावीत असताना काशीनाथ तापानं गेला.

साहेबांनी नोंदींचा कागद माझ्याकडं फिरवला. तिथं 'अविवाहित' लिहिलं होतं.

"मी लिवायला सांगला होता त्याला," जानी म्हणाली. "तर म्हणाला, बाबू तारीख विचारतो, झालाच नाय तर कुठली सांगू. पुढच्या वैशाखात झाला की सांगेन."

पलटणीतल्या बाबूनं एक तारीख मागितली होती. कोणतीही चालली असती. अख्ख्या पलटणीत अंदाजानं तारखा सांगणारे किती असतील ते मला विचारा. आमच्या मालकांनीसुद्धा माझं वय दोन वर्षं वाढवून सांगितलं होतं.

साहेबांनी दोन वाटा सांगितल्या. एक, कोर्टात जाऊन जानी पत्नी असल्याचं सिद्ध करायचं. पाड्याचे साक्षीदार, ग्रामसभेचा ठराव, सगळं लागेल, आणि वर्ष-दोन वर्षं जातील. दुसरी, ओळखपत्राचा अर्ज मागं घ्यायचा आणि नुसता मुलीचा दाखला काढायचा. जन्मदाखल्यावर बापाचं नाव आहे, ते चालेल. पण नोंदीत अविवाहित असल्यामुळं आईनं तसं प्रतिज्ञापत्र द्यायला हवं, नाहीतर दोन कागद एकमेकांशी भांडतात. वसतिगृहाची मुदत त्या आठवड्यात संपत होती.

मी साहेबांशी भांडले. म्हटलं, बत्तीस वर्षं बाई त्याच्या घरात राहिली, तुम्हाला आणखी कसलं सर्टिफिकेट पाहिजे? ते म्हणाले, आई, मला नकोच आहे, कागदाला पाहिजे. ते खरं होतं.

योगिता म्हणाली, मला वसतिगृह नको. आपण कोर्टात जाऊ.

जानी तिच्याकडं वळली. "मग भिवंडीकडं वीटभट्टीवर जा. तिथं कोणी आय कोण, बाप कोण इचारत नाय."

योगिता रडायला लागली. जानीनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. मला म्हणाली, वहनी, तो कागद कुठं करतात?

म्हणून आम्ही तहसील कचेरीबाहेर गेलो. त्यापुढचं वर लिहिलंच आहे.

दाखला दुपारी हातात आला. साहेबांनी स्वतः उभं राहून दिला, आणि जानीला हात जोडले. तिला ते समजलं नाही, ती बाजूला सरकली, तिला वाटलं तिच्या मागं कोणीतरी आहे.

गाडीला वेळ होता म्हणून स्टँडसमोर चहा घेतला. चहावाला म्हणाला, एवढं लांबून आलात तर शिरपामाळ बघा, शिवाजी महाराज थांबले होते तिथं, रिक्षा करून देतो. मी नको म्हटलं. जानीनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाली, "वहनी, तुझा लगीन झालेला ना?"

"झालंय. सतराव्या वर्षी."

"मग किती दिस राहिलास त्याच्याजवळ?"

मी कधी मोजले नव्हते. आमचा संसार अकरा वर्षांचा. मालक वर्षाला दोन महिने रजेवर यायचे. मी बोटांवर धरलं आणि सांगितलं, बावीस महिने.

तिनं उरलेला चहा माझ्या बशीत ओतला.

गाडीत ती खिडकीशी बसली होती. मी तिला सांगितलं की कोर्टाचं मी बघते, वकील शोधते. तिनं विचारलं, आता मी अंगठा दिला, मग कोर्ट काय म्हणेल? मी म्हटलं, वकिलाला विचारून कळवते. मोखाडा आलं, त्या दोघी उतरल्या. जानीनं खालून माझी पिशवी वर दिली, त्यात नागलीचं पीठ बांधून ठेवलेलं होतं. गाडी सुटल्यावर योगिता हात हलवत होती. जानी पाठ फिरवून जीप शोधायला निघाली होती, कारण शेवटची जीप भरली की मग चालत जावं लागतं.

घरी आल्यावर बायकांनी विचारलं, जव्हारचा राजवाडा बघितला का, दाभोशाचा धबधबा बघितला का. काही बघितलं नाही. पीठ संपेपर्यंत भाकरी केल्या. त्यानंतर दोन बायका अर्ज भरून घ्यायला आल्या. एकीला तारीख आठवत नव्हती. मी तिला घरी परत पाठवलं, म्हटलं सासऱ्याला विचारून ये, मी काही लिहिणार नाही. ती रागावली. रागावू दे.

लोक मला विचारतात की काशीनाथनं त्या बाबूला एक तारीख सांगून टाकली असती तर काय बिघडलं असतं. काही बिघडलं नसतं. त्यानं सांगितली नाही. मी वकिलाला दोनदा भेटले. तो म्हणतो कठीण आहे, पण प्रयत्न करू. तो असं सगळ्यांनाच म्हणतो.

योगिता नाशिकला आहे, पहिल्या वर्षाला. काशीनाथला जाऊन दोन वर्षं झाली. माझ्याकडं ओळखपत्र आहे, पास आहे, घरावर पाटी आहे. जानीकडं यातलं काही नाही. ती खोडाळ्याच्या पुढं त्या पाड्यावर एकटी राहते आणि मजुरीनं दुसऱ्यांच्या भाताला जाते.