परवाची अंबाडी

माझी थोरली बहीण भागिरथा जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेली, पण जेवायला बसली की कुणाच्या बापाला भ्यायची नाही. दोन भाकरी, ठेचा आणि तांब्याभर पाणी संपल्याशिवाय ती बांधावरून उठत नसे. "पोटासाठीच तं मरून राह्यलो, मंग त्यालेच कायले उपाशी ठेवाचं?" असं म्हणायची. भावजी लवकर गेले. रिठदला एकटीनं राहून तिनं विनोदला शिकवलं, त्याचं लग्न केलं, पौर्णिमासारखी सून आणली. अशी ही बाई दोन वर्षांपूर्वी दोन घासांतच ताट सरकवू लागली.

"बाई, जेव ना," मी म्हणायचो.

"जागाच नाही रे शेषा. कालचं अजून तिथंच बसून राह्यलं."

आम्ही हसायचो. ती अक्षरशः खरं सांगत होती, हे आमच्या डोक्यात शिरलं नाही.

मग उलट्या सुरू झाल्या. रिसोड झालं, वाशिम झालं, पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं संपली. शुगर तिला पंधरा वर्षांपासून होतीच, आता तीही पिसाळली. इंजेक्शन घेतल्यावर बाई घामाघूम होऊन कोसळायची आणि संध्याकाळी तीच शुगर चारशेवर. छप्पन्न किलोची बाई बेचाळीसवर आली. लुगडं कमरेला थांबेना.

मी एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेला, हुकूम सोडायची सवय गेलेली नाही. मुक्काम रिठदला हलवला आणि फर्मान काढलं: शुगर आहे, भात बंद. भाकर, मेथी, काकडी, अंबाडी एवढंच. समोर बसून खायला लावायचो. माझं मन राखायला ती बिचारी गिळायची.

एका बुधवारी दुपारी ती अंगणात ओकली. मी पाणी घेऊन धावलो आणि पाहतच राहिलो. अंबाडीची पानं, जशीच्या तशी. अंबाडी घरात सोमवारी शिजली होती. शेजारची गोमतीबाई कुंपणावरून वाकली. "हे करणी करून चारलेलं हाय, भाऊ. चारलेलंच असं पोटात धरून बसते."

तेवढ्यात विनोद खाली मान घालून म्हणाला, "मामा, पौर्णिमा आईले चोरून भात चारते. म्या दोनदा पाह्यलं."

पौर्णिमा चुलीपाशीच होती. "त्यायले भाकर जात नाही, मामाजी. मऊ भात तेवढा पोटात राह्यते. म्हणून देतो."

"तू डॉक्टर हायेस काय?" मी ओरडलो.

आता माझी लाज ऐका. दर चौदा एप्रिलला विहारात अंधश्रद्धेवर भाषण करणारा मीच. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण बहीण डोळ्यांदेखत वाळत होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन तालुके ओलांडून मी तिला चारलेलं काढणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्यानं काढा पाजून तिला ओकवलं, फडक्यातून केसांची गुंतवळ काढून दाखवली आणि म्हणाला, "घरचीच बाई हाय." मी हात जोडले. त्याच संध्याकाळी पौर्णिमा अनसिंगला माहेरी गेली. बाई ओट्यावरून "जाऊ नको व माय" म्हणत राहिली, तिचं ऐकतो कोण.

काढ्यानंतर बाईच्या पोटात पाणीही टिकेना. आठव्या दिवशी शुद्ध हरपली, तेव्हा तिला अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईनवर तिला सावरलं, मग घशातून दुर्बीण घातली. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "कालपासून खायला काहीच दिलं नव्हतं ना?"

"नाही."

"पोटात अन्न आहे. वाट मात्र मोकळी आहे, कुठं अडथळा नाही. उलटीत कधी आदल्या दिवसाचं जेवण दिसलं होतं?"

"परवाचं दिसलं," मी म्हणालो.

"मग आधी का सांगितलं नाही?"

मग एक तपासणी झाली. नेमकं जेवण देऊन चार तास यंत्राखाली त्याचा माग काढला. चार तासांत जवळजवळ सगळं पुढं जायला हवं होतं, बाईचं अर्ध्याहून जास्त तिथंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोट अन्न घुसळतं आणि पुढं ढकलतं. शुगरनं यांच्या पोटाच्या नसा मारल्यात. इंजेक्शन वेळेवर काम करतं, जेवण मात्र मागं राहतं, म्हणून त्या कोसळतात. इंजेक्शनची वेळ मी बदलून देते. जेवणाआधी ही गोळी द्या, जेवल्यावर आडवं होऊ देऊ नका. भाकर, पालेभाजी, कच्चं काही नको, ते पोटात साचतं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या. मऊ भात, अगदी गुरगुट्या."

"बरी होईल ना?" मी विचारलं.

"सांभाळता येईल. पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही."

मी आणि विनोद तडक अनसिंगला गेलो. पौर्णिमाच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो तर ती मागं सरली. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आत्याबाई किती किलोच्या राह्यल्या?"

"सदतीस."

ती उठली आणि पिशवी भरू लागली.

घरी येताच तिनं भात शिजवला, घोटला, वाटीत घेतला. मला आणि विनोदला समोर बसवलं, गोमतीबाईला हाक मारून बोलावलं. मग सगळ्यांसमोर त्याच वाटीतले दोन चमचे स्वतः खाल्ले. थोडा वेळ थांबली. नंतर बाईला भरवायला घेतलं.

"असं नको करू, पोरी," मी म्हणालो.

"करू द्या, मामाजी. तुमी पाहून घ्या."

याला आठ महिने झाले. बाईचं वजन दोन किलो वाढतं, एक उतरतं. महिन्यातून एकदा दवाखाना ठरलेला. बाई हात जोडते, रडते, "मले तशीच दे व माय, मले कोणाचा शक नाही" म्हणते. पौर्णिमा तिचे डोळे पुसते, पण आधी दोन चमचे स्वतः खाते. रोज सहा वेळा. आमची मान वर होत नाही, आणि आम्ही पाहिल्याशिवाय ती बाईला घास देत नाही.