रोबोटला दृष्ट लागली

बसा, बसा. चहा उकळेपर्यंत एक गंमत सांगतो. गंमत तुमची, फजिती माझी! एरवी मी चारचौघांत फार बोलणारा माणूस नाही. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याची बिडी संपते, असं आमची ही म्हणायची. पण ही गोष्ट मीच सांगितलेली बरी. गावात दुसरं कुणी सांगायला लागलं की त्यात माझी अक्कल दरवेळी थोडी थोडी कमी होत जाते.

तर आमची नात वैशू. शहापूरजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कुलात आठवीला होती. माझं बोट धरून वाढलेली. करवंदं कुठल्या जाळीला आधी पिकतात, खेकडा मागून कसा धरायचा, आत्ता ओरडलं ते पाखरू कुठलं, सगळं मला विचारायची. मला तेवढंच येत होतं आणि ती तेवढंच विचारत होती. दोघांचं झकास चाललं होतं!

मग शाळेत रोबोट आला.

हातापायांचा नव्हे हं. चपलांच्या खोक्याएवढी एक गाडी, खाली चाकं, अंगभर वायरी. विज्ञानाच्या बाई कल्याणहून यायच्या. तरुण, भारी उत्साही. त्यांनी कुठून कुठून सामान जमवलं आणि मुलांना हाताशी घेऊन ती गाडी बांधली. जमिनीवर पांढरा कागद अंथरायचा, त्यावर काळी रेघ ओढायची. गाडी आपली आपण त्या रेघेवरून जायची, वळण आलं की वळायची आणि वाटेतला डबा ढकलत ठरल्या जागी नेऊन ठेवायची. मधे कुणी हात लावायचा नाही. पुण्याला म्हणे अशा गाड्यांच्या स्पर्धा होतात. शाळाशाळांच्या टीम येतात. मुलंच गाडी बांधतात, मुलंच चालवतात.

वैशू टीममध्ये! मला आनंद झाला का? झाला की. व्याही येईपर्यंत.

व्याही म्हणजे वैशूच्या आईचे वडील. भातसा धरणावर फिटर होते. सगळी नोकरी भातसानगरच्या क्वार्टरमध्ये काढली आणि नंतर मुरबाडकडच्या आपल्या गावी जाऊन राहिले. माणूस चांगला. पण पँट घालतो. आणि पाहुणा म्हणून आला तरी पिशवीत पान्हे, स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो. लग्नाला जातानासुद्धा!

त्या दिवशी वैशू म्हणाली, "ह्ये चाक डुगडुगतंय बगा." मी लगेच उठलो. आता मला उठायला जरा वेळ लागतो. उभा राहून बघतो तर ती व्याह्यांपुढे बसलेली! त्यांनी एक स्क्रू फिरवला, चाक सरळ.

"बगितला का गो पोरी, हात कसा चालतो?" व्याही म्हणाले. स्वतःचं कौतुक ते स्वतःच करतात. दुसऱ्याला त्रास देत नाहीत.

झालं! त्या दिवसापासून घरात उठता बसता मुरबाडचे आजोबा. वायर तुटली, करा मुरबाडला फोन. चाक घासतंय, करा मुरबाडला फोन. पूर्वी मी शेतावरून आलो की ती अंगणात धावत यायची. आता बापाचा मोबाइल कानाला लावून ओसरीवर बसलेली असायची. आणि हसायची किती! स्क्रूमध्ये एवढं हसण्यासारखं काय असतं हो?

माझ्या घशाखाली भाकरी उतरेना. सून विचारायची, "बाबा, तोंड का असं? पोट बिघडलं का?" पोट नव्हे गं बाई! आता जळतोय म्हणून सांगू कसं?

एकदा मात्र वैशूने गाडी उलटी करून मला दाखवली. पोटाखाली काचेचे दोन बारीक ठिपके होते. "आजा, ह्ये तिचे डोळे. खालची रेघ ह्यांनी दिसते तिला."

"खाली बघून चालते? चांगल्या घरची दिसते," मी म्हणालो. वैशू खळखळून हसली. माझा तो दिवस बरा गेला.

मग आली पालकांची सभा. पुण्याला मुक्कामी जायचं, तर आईबापांनी हो म्हणायला हवं. टीम पुरी भरली नाही तर नावच देता येत नाही. त्यात मुली जास्त. वैशूची जोडीदारीण म्हणजे किसनची पोरगी, आणि किसन आधीपासूनच अडून बसलेला. "खेळन्यातली गाडी घेऊन पोरींना पुन्याला धाडू? नाय जमायचं!" किसन नाही म्हणाला की त्याच्या वाडीतलं कुणीच हो म्हणणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक. वैशूचं सगळं त्या सभेवर होतं. आदल्या दिवशी पोरगी धड जेवलीसुद्धा नाही.

मी धुतलेला पांढरा शर्ट घालून शाळेत गेलो. बघतो तर व्याही आधीच हजर! पहिली यष्टी पकडून आलेले. बाई लोकांना सांगत होत्या, "हे वैशालीचे आजोबा. यांची फार मदत झाली." मी मागे दाराशी उभा. मग मी कोण? वैशालीचा शेजारी?

लोक जमेपर्यंत मुलींनी गाडी एकदा चालवून बघितली. काय सुरेख निघाली हो! पुढे बसलेले म्हणाले, "वा फिटर, वा!" आणि माझ्या मनात, खोटं कशाला सांगू, आलं: अडक मेले एकदाची!

अडकली! वळणावर, जागच्या जागी.

कागदाला चुणी पडली होती, एवढंच. मुलींनी चुणी सरळ केली, गाडी पुढे गेली. पण मला कळायचं ते कळलं. माझी दृष्ट लागली की हो पोरीच्या गाडीला!

आमच्याकडे असं आहे, बाळाला सगळ्यात जास्त दृष्ट घरच्याच माणसाची लागते. आणि ज्याची लागते त्याने आपल्या हाताने तीट लावली की ती उतरते. वैशू पाळण्यात होती तेव्हा तिला मीच लावायचो. म्हणजे काय करायचं ते मला पक्कं माहीत होतं. शाळा शिकलो नाही म्हणून काय झालं!

बाई पालकांना बसवत होत्या, मुली पेले आणायला गेल्या होत्या, व्याही स्वतःचं कौतुक करत होते. गाडी टेबलावर एकटी. मी हळूच मागच्या बाजूला गेलो. तिथे तीन दगडांच्या चुलीवर चहाचा टोप होता. बुडाची काजळी बोटाला घेतली, डोक्याचं खोबरेल तेल तिला लावलं, तळहातावर मळली. झालं काजळ.

आता लावायचं कुठे? गाडीला ना गाल, ना कपाळ. मग आठवलं, डोळे आहेत की! बाळाच्या डोळ्यात घालतात तसं एका डोळ्यात चांगलं भरून घातलं. दुसऱ्यात घालणार तोच पेले वाजले. मी गाडी सुलटी ठेवली आणि साळसूदासारखा खांबाला टेकलो. मनात म्हटलं, देवा, सगळ्यांचं भलं कर. व्याह्यांचंसुद्धा! एवढा मी मोठ्या मनाचा.

सभा भरली. बाई म्हणाल्या, "आता बघा, ही गाडी आपली आपण रेघेवरून जाईल."

वैशूने बटण दाबलं. गाडीने गिरकी घेतली. मग आणखी एक. मग थांबेचना! खळ्यात मळणीचे बैल फिरतात तशी गोल गोल गोल.

"आरं, खाली भात पसरा कुनीतरी!" मागून एक जण ओरडला. वर्ग खदखदला.

उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा गिरकी.

"काय ओ फिटर, ह्योच का तुमचा हात?" किसनने टोमणा मारला.

व्याह्यांना घाम फुटला. आणि मला? गोड वाटलं! इतकं गोड की भर सभेत तोंडातून निघून गेलं, "स्क्रू जास्त आवळला आसंल, व्याही."

"आवळला? मी?" व्याही बिचारे चाकं सोडायला बसले. स्क्रू घरंगळून बाकांखाली गेले. ते शोधायला मुख्याध्यापक गुडघ्यांवर आले. सगळं पुन्हा जोडलं, वर चाकात तेल घातलं आणि गाडी खाली ठेवली. आता ती पहिल्यापेक्षा जोरात फिरायला लागली!

किसन उठला. पोरीचा हात धरला. "चल गो घरी. जी वर्गाच्या भाईर जायना, ती पुन्याला काय जाते?" त्याच्या मागे त्याची वाडी उठायला लागली.

मी वैशूकडे बघितलं. तिने ओठ घट्ट मिटले होते. रडू आवरताना ती पाळण्यात असल्यापासून तसंच करते. माझा सगळा गोडवा तिथेच आटला.

"थांबा!" मी म्हणालो. "मीठ-मोहरी आना कुनीतरी. उतरून टाकू."

"कशापायी, आजा?"

"दिष्ट हाय ती. निस्त्या तिटेनं गेली नाय."

"कसली तीट?" वैशूने गाडी उलटी केली. डोळ्यावरून बोट फिरवलं. बोट काळं. "हिच्या डोळ्यात काजळ कुनी घातलं?"

सगळे माझ्याकडे वळले. मी हात काखेत दडवला, तर पांढऱ्या शर्टावर पाचही बोटं उमटली. कपाळाचा घाम पुसला, तर कपाळ काळं.

"आजा!"

"एकच डोळा झाला गो," मी म्हणालो. "दुसऱ्याला टाइम नाय भेटला."

बाई हसू दाबत म्हणाल्या, "पण आजोबा, दृष्ट लागली कुणाची?"

"माजी."

"तुमची? ती का?"

मला बोलायला वेळ लागतो. बाई थांबल्या. मी व्याह्यांकडे बोट केलं. तेच काळं बोट. "ती आता यांना इचारते. मला नाय इचारत."

बाकाखालून व्याही बाहेर आले, हातात शेवटचा स्क्रू. "आवो, मंग काजळ माज्या डोळ्यात घालायचं! त्या गाडीनं काय केलं तुमचं?"

काय हशा उठला म्हणून सांगू! वैशू हसता हसता डोळे पुसत होती. आधी स्वतःचे, मग गाडीचा. खाली ठेवल्याबरोबर गाडी रेघ धरून निघाली आणि डबा बरोबर जागी पोचवला.

बाईंनी ती वेळ वाया घालवली नाही. "बघितलंत? एका डोळ्यावर काळं आलं की तिला वाटतं रेघ त्याच बाजूला आहे. मग ती तिकडेच वळत राहते. स्पर्धेत मुलींना हेच करायचं असतं. बिघाड कुठे आहे तो आपला आपण शोधायचा."

"आस्सं व्हय!" किसन म्हणाला. "म्हंजी हिला खरंच दिसतं? मगाशी निस्तं सांगत व्हता, तवा मला वाटलं थापा." मग पोरीकडे वळला. "तुला घावला आसता का गो ह्यो बिघाड?"

"घावला आसता, बाबा. मी उलटी करून बगनारच व्हते. तुमी हात धरून उठवलंत."

"मंग बस खाली," किसन म्हणाला आणि स्वतःही बसला. वाडीही बसली. टीम भरली.

इथे थांबलो असतो तर थोडी तरी अब्रू राहिली असती. पण पुढच्याच आठवड्यात बाई घरी आल्या. मुरबाडच्या एका शाळेलाही टीम काढायची होती, तिथेही पालकांची सभा होती. "मुली तिथे आपली गाडी दाखवणार आहेत. आजोबा, तुम्हीही या. तेच काजळ घाला, म्हणजे लोकांना पटकन कळेल."

मी लगेच व्याह्यांना फोन लावला. "मला बोलावलंय."

"मला बी बोलावलंय."

"बाई सोता घरी आल्या व्हत्या का?"

"नाय, फोन केला."

हरलात, व्याही!

मुरबाडला नवा शर्ट घालून गेलो. दोघांनाही खुर्च्या. माझ्या खुर्चीला हात होते, त्यांच्या नव्हते. मी बघून ठेवलं. वैशू उभी राहिली. "ह्ये माजे आजोबा, आमचे मेकॅनिक." टाळ्या. "आनि ह्यो माजा आजा. ह्यो आमचा बिघाड!" त्याहून मोठ्या टाळ्या! मी तिरक्या नजरेने व्याह्यांकडे बघितलं. पडलं होतं तोंड.

मी काजळाची डबी घेऊन पुढे झालो. सगळ्या माना माझ्याकडे वळलेल्या. एक नजर व्याह्यांच्या तोंडावर ठेवून घातलं काजळ, भरून. वैशूने बटण दाबलं.

गाडी सरळ रेघेवरून गेली. वळली, डबा ठेवला, थांबली.

डोळा समजून मी स्क्रूच्या टोपीला काजळ घातलं होतं!

वैशूने गाडी उलटी करून बघितली, कपाळाला हात लावला आणि शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाली, "आजोबा, जरा तुमी बिघाड करून देता का?"