जाऊबाईंच्या पायाचा अंगठा

माझ्या थोरल्या जाऊबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्यांच्या घरी पाऊल टाकलं की चहापाण्याच्या आधी त्यांचा पाय बघावा लागायचा. त्या दाखवत नसत, त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दाखवायचे. खिशातून स्कूटरची किल्ली काढायची, चादर गुडघ्यापर्यंत वर सारायची आणि किल्लीचं टोक डाव्या तळव्यावरून टाचेकडून बोटांकडे खर्रकन ओढायचं. अंगठा सावकाश वर उठायचा, बाकीची बोटं फाकायची. "बघितलंत? सुधारतंय!" भाऊजी म्हणायचे. बघायला आलेली माणसं टाळ्या वाजवायची. एक शेजारीण तर म्हणाली, "देव पावला हो!" मला शिसारी आली. मी रोज देवापुढे हात जोडणारी बाई आहे, पण असल्या चाळ्याला त्याचं नाव लावलेलं मला खपत नाही.

जाऊबाई शिवणकाम करायच्या. पायाने चालवायची मशीन, खिडकीपाशी. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश. तोंडाने गिऱ्हाइकाशी भांडण चालू, हाताखालून कापड सरकतंय आणि खाली पाय आपला एका लयीत. मी एकदा विचारलं, "लक्ष कसं राहतं हो पायाकडे?" तर म्हणाल्या, "लक्ष दिलं की चुकतो मेला. त्याचं त्याला कळतं." मग एका सकाळी त्यांचा डावा पाय पायडलवरून घसरला, तो परत वर ठेवताच येईना. डोक्यात उजवीकडे रक्ताची गुठळी अडकली होती, आणि डावं अंग चालवतो तो उजवा मेंदू. हात बराचसा परत आला, जीभ तर पहिल्यासारखीच तिखट राहिली. पाय मात्र गेला.

दवाखान्यात डॉक्टर रोज येऊन तळव्यावर असंच काहीतरी ओढून बघायचे, कागदावर लिहायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. भाऊजींनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भाऊजींनी मनाशी धरलं की हाच उपचार. अंगठा हलतो म्हणजे गुण येतोय! घरी आल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या, पोटरी ताणायच्या, टाच जमिनीला टेकवून घ्यायच्या. भाऊजींनी त्यांना सांगून टाकलं, "आता येऊ नका, मी बघतो." आणि बघत होते ते हे!

एके दिवशी असाच अंगठा दाखवून भाऊजी पाहुण्यांना सोडायला खाली गेले म्हणून मी चादर नीट करायला गेले. पायाला कुबट वास. बोटांच्या बेचक्यात पांढरा मळ. तळव्यावर किल्लीची लाल रेघ, एका जागी खपली धरून ओली झालेली. मी पदराने ती हलकेच टिपली.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "ऐक. तो अंगठा मी हलवत नाही गं. मी हलव म्हणते तेव्हा तो ढिम्म असतो. त्यांनी खरवडलं की उठतो. माझा नाहीच तो."

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं. म्हणाले, तुला कळत नाही. मला नाचायचं नाहीये गं. संडासापर्यंत माझ्या पायाने जायचंय. भांडं लावून घ्यायची किळस येते मला स्वतःची. आणि बघ, टाच टेकेनाशी झालीय."

टाच खरंच टेकत नव्हती. पाऊल खाली वाकून आत वळलं होतं. मी व्यायामाच्या बाईंना फोन केला.

त्या आल्या तेव्हा भाऊजी किल्ली घेऊनच उभे. बाई जाऊबाईंना म्हणाल्या, "अंगठा वर करा." जाऊबाईंच्या कपाळाला घाम फुटला, अंगठा जागचा हलला नाही. मग बाईंनी तळव्याच्या कडेवरून नुसतं नख फिरवलं. अंगठा उठला.

"तेच तर मी म्हणतोय!" भाऊजी.

"हे चांगलं लक्षण नाही हो," बाई म्हणाल्या. "तान्ह्या बाळाच्या तळव्याला असं केलं तर त्याचाही अंगठा वर जातो. चालायला लागेपर्यंत मेंदू ती सवय दाबून टाकतो, मग बोटं खाली वळतात. पायाची मेंदूतली जागा टाळूखाली, मधल्या खाचेत आहे. तिथून निरोप पाठीच्या कण्यात उतरतो, कण्यातून पायात. यांचा बराचसा निरोप वाटेतच तुटलाय. वरून दाबणारं कुणी राहिलं नाही, म्हणून कणा आपल्याच मनाने अंगठा उचलतो. अंगठा वर जातो म्हणजे बिघाड अजून आहे."

भाऊजी खुर्चीत बसले. मला वाटलं, आता बायकोकडे बघतील. ते म्हणाले, "एवढ्या लोकांना दाखवलं. आता कुणाला काय तोंड दाखवू?"

मी त्या घरात इतकी वर्षं येते-जाते, पण त्या माणसाचा असा वीट कधी आला नव्हता.

बाईंनी जखमेवर पट्टी बांधली. मग नडगीच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून जाऊबाईंना पाऊल उचलायला सांगितलं. "पाऊल उचलणारा स्नायू इथे असतो. इथे मधूनमधून बारीक थरथर लागतेय, म्हणजे थोडा निरोप पोचतोय. पण पोटरी अशीच आखडली तर पाऊल सपाट बसणार नाही आणि उभं राहणं विसरा. रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी टाच तळहातात धरून पाऊल वर ताणायचं, आणि यांनी त्याच वेळी मनातून उचलायचं. जमेल, न जमेल, मी शब्द देत नाही."

"मी येत जाईन," मी म्हटलं.

"तू नको," जाऊबाई म्हणाल्या. "तुझं घर आहे." मग नवऱ्याकडे बघून, "अहो, इकडे या. खाली बसा. धरा टाच."

भाऊजी बसले. टाच हातात घेतली आणि तोंड फिरवलं. "वास येतोय गं."

"मग धुवा," जाऊबाई म्हणाल्या.

ते माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी उठले आणि बादली आणायला गेले.