भाऊजींच्या शिडाचा रोलर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही असं ती चारचौघांत छातीठोकपणे सांगते. सांगावं तरी कसं? ऐकणारा आधी हसेल. गोंदिया जिल्ह्यात, भाताच्या बांध्यांमध्ये, शिडाची होडी!

पण होती. ताईचे यजमान, आमचे भाऊजी, नौदलातून निवृत्त होऊन आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावकडे राहायला आले आणि मुंबईहून एक जुनी लहान होडी घेऊन आले. तांदूळ उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून ती आली. गावाजवळच्या तलावात दर रविवारी ते ती चालवायचे. शिडं बांधून द्यायला सोमा असायचा. तलावावर मासे धरणारा, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. आणि होडीत सोबतीला मी. मी गोंदियाला राईस मिलच्या स्टोअरमध्ये होतो, रविवारी मोकळाच.

माझं काम एकच. वारा वाढला की डोलकाठीशी जायचं, पुढच्या लहान शिडाचा दोर सोडायचा, रांगत टोकाशी जाऊन शीड खाली ओढायचं. मला पोहता येत नाही हे भाऊजींना माहीत नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, सांगायचं होतं. हो, सांगायचं होतं.

पण आधी त्या रोलरबद्दल सांगतो — त्यानं मला फार थकवलं. अजूनही थकवतो. रोलर म्हणजे असं यंत्र की पुढचं शीड तारेभोवती आपोआप गुंडाळलं जातं. मागे बसल्या बसल्या दोर ओढायचा, झालं. कुणाला पुढे जावं लागत नाही. भाऊजींनी तो मुंबईहून मागवला. किती पैसे गेले ते सोडा; ताईच्या स्वयंपाकघराचं काम त्या वर्षी राहिलं, एवढं सांगितलं की पुरे. त्यांच्या खांद्याला प्लास्टर होतं, म्हणून सगळी धावपळ माझ्याकडे. खोकी आली तर त्यात एक बुश, फिरत्या भागात बसणारी धातूची नळी, कमी. तो मिलच्या मेकॅनिककडून लेथवर करून घेतला. डोलकाठी उतरवायला बांबूची कैची उभारली. तार लांब निघाली, कापली, मग आखूड पडली. शीड नव्यानं शिवायचं होतं. गोंदियात शीड कोण शिवणार? मिलच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या मास्तरकडे दिलं. त्यानं मन लावून शिवलं आणि सवयीनं तिन्ही कडांना पितळी छल्ले ठोकून दिले. रोलरच्या खाचेत ती कड जाईच ना. मी ओरडलो तर म्हणाला, "बिना छल्ले की ताडपत्री किस काम की, भैया?" सगळे छल्ले काढून कड पुन्हा शिवायची होती. गोरेगाव–गोंदिया एसटीचे कंडक्टर मला शीडवाला म्हणू लागले. शेवटी यंत्र बसलं, तर दोर उलट्या बाजूनं गुंडाळलेला. पुन्हा सगळं उतरवा.

आणि मी कुरकुरलो नाही. एकदाही नाही. ताई सगळ्यांना सांगायची, माझा भाऊ होता म्हणून झालं. तेव्हा मी चहाच्या कपात बघत बसायचो.

कारण हा रोलर लागला कशासाठी?

त्याच उन्हाळ्यात, रोलर मागवण्याआधी, एका रविवारी अचानक वाऱ्याचं वावधान सुटलं. होडी आडवी व्हायला लागली. भाऊजी मागून ओरडले, "शीड उतरव!" आणि मी — मी डोलकाठीला मिठी मारून बसलो. रांगलो नाही. दोराला हातही लावला नाही. ते ओरडत राहिले. मधल्या मोठ्या शिडामुळे त्यांना मी दिसत नव्हतो. होडी काठाजवळच्या बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर जाऊन आदळली, भाऊजी पडले, खांदा मोडला. होडी खुंटांत अडकून थांबली तेव्हा कुठे मी दोर ओढला. गाठ एका ओढीत सुटली.

काठावर दुखण्यानं कण्हत भाऊजींनी विचारलं, "रमेश, शीड काऊन नाही उतरलं?" मी म्हणालो, "गाठ अडकली. सोमानं चुकीची मारली होती."

किती सहज निघालं तोंडातून! सोमा तिथेच उभा होता, भाऊजींना उचलायला पाण्यात धावलेला, कमरेपर्यंत भिजलेला. तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

भाऊजींनी त्याला शिवी दिली नाही. फक्त म्हणाले, आता येऊ नको. रोलर बसवू, कुणाच्या गाठीवर जीव टाकायला नको. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळी विणली जातात, त्याला गाठ येत नाही म्हणून लोक हसू लागले. मासे विकायला बसला की पोरंसोरंही विचारायची, "सोमाभाऊ, गाठ सुटते का जी?" आणि मी त्याच दिवसांत पाना घेऊन त्या यंत्राचे नट आवळत होतो. ते काम जेवढं रखडेल तेवढं मला बरं वाटायचं, हेही खरंच आहे.

रोलर उत्तम चालला. पुढे जायची वेळ माझ्यावर पुन्हा आली नाही.

काही वर्षांनी भाऊजी गेले. तेरवीला सोमा आला. जेवून झाल्यावर हात पुसत माझ्याजवळ येऊन बसला. "भाऊ, एक पुसू का जी? माही गाठ खरंच अटकली होती का?"

आता तर भाऊजीही नव्हते. लाज कुणाची होती मला? भीती कसली होती? मी म्हणालो, "पाण्यानं फुगली असेल."

"असन जी," तो म्हणाला. "हात चुकला असन माहा." आणि उठून गेला.

सोमा अजून तलावावर असतो. मी येता-जाता पाहतो. जाळ्याची गाठ मारतो, ओढून बघतो, सोडतो, पुन्हा मारतो. दर गाठीला असंच. पूर्वी तो बोलता बोलता, न बघता गाठी मारायचा.

त्याची गाठ बरोबर होती.