चांदीच्या हातातलं हाड

पोलिसातल्या नोकरीत मी चोरीला गेलेल्या नाना तऱ्हेच्या वस्तू पाहिल्या, पण निवृत्तीच्या आदल्या वर्षी नाशकात घडलेली ती घटना आठवली की आजही मी सुन्न होतो.

शहराबाहेरच्या एका खासगी संग्रहालयात आर्मेनियातल्या चर्चमधल्या पवित्र वस्तू प्रदर्शनासाठी आल्या होत्या. रत्नजडित क्रूस, जुने ग्रंथ आणि कोपरापर्यंतचा एक चांदीचा हात. त्या हाताच्या आत एका संताचं बोटभर हाड होतं. तळव्यावरच्या काचेच्या झाकणातून ते दिसायचं. वस्तूंसोबत तिकडचे एक वृद्ध धर्मगुरू आले होते. एका सकाळी त्यांनी पाहिलं तर हाड गायब. चांदी आणि रत्नं जागच्या जागी होती.

चांदी सोडून हाड नेणारा चोर माझ्या पाहण्यात नव्हता. हा जादूटोणाच, असं मी ठरवूनच टाकलं आणि दोन भोंदूबाबांना दिवसभर ठाण्यात बसवून फैलावर घेतलं. हाती काही लागलं नाही.

चौथ्या दिवशी रामकुंडावरच्या एका गुरुजींचा फोन आला. त्यांना वेगळाच संशय होता, खुनाचा.

"साहेब, एक माणूस अस्थी घेऊन आला होता. राख नाही, एकच हाड. मयताचं नाव विचारलं तर म्हणाला, परदेशी नाव आहे, बोलता येत नाही. गोत्रही माहीत नव्हतं. मग काश्यप लावून विधी केला, हाड कुंडात सोडलं. पण तेव्हापासून मनाला टोचणी लागलीय."

वर्णनावरून माणूस लगेच सापडला. संग्रहालयात काचा पुसणारा, निफाडकडचा, पन्नाशीचा. पुसण्यासाठी पेट्यांच्या किल्ल्या त्याच्याकडेच असत. समोर बसवून मी दरडावलं, "हाड कुणाला विकलंस?"

तो म्हणाला, "इकायचं कशाला, साहेब? गाईड रोज सांगायचे, मेलेल्या माणसाचं हाड हाय, शेकडो वर्सं झाली. कुणी सोडलंच नाय त्याला. करोनात माझा भाऊ गेला, त्याची राखसुदिक भेटली नाय आम्हाला. म्हटलं, ह्याचं तरी करू."

लेखनिक हवालदाराचं लिहिणं थांबलं.

कुंडात पाणबुडे उतरवले. हाडांचे मूठभर तुकडे वर आले, कुणाकुणाचे कोण जाणे. यातलं तुमचं कोणतं, असं धर्मगुरूंना विचारायची माझी छाती होईना. दुभाष्याकडून सगळं ऐकून ते कुंडाच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. त्या हाताचा आशीर्वाद घ्यायला त्यांच्याकडे गावंच्या गावं येत. आता त्यांना काय तोंड दाखवू, एवढंच ते म्हणत होते.

आरोपी दोन शिपायांच्या मध्ये उभा होता. खाली वाकून तो त्यांना म्हणाला, "रडू नका बाबा. सुटला तुमचा मानूस." दुभाष्याने ते त्यांना सांगितलं नाही. मीही सांगा म्हटलं नाही.

गुन्हा दाखल झाला, त्याची नोकरी गेली. कायद्याने चोरीला लबाडीचा इरादा लागतो. जबाब घेताना मी तो शोधतच राहिलो. यातून याला काय मिळालं, या एका प्रश्नावर मी आयुष्यभर तपास केले. चांगुलपणानेही कुणाचं कायमचं नुकसान होतं, हे मात्र मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं.

घरी आल्यावर बायकोला हकिगत सांगितली. ती म्हणाली, "बरंच केलं की त्याने."

सगळ्यात मोठा धक्का मला तेव्हा बसला. कारण दिवसभर त्या रडणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी उभा असताना माझ्याही मनात तेच आलं होतं.