बिल्ला माहा, हात तिचा

माह्या धाकल्या जावेचा उजवा हात जीनमध्ये गेला, तो माह्या बिल्ल्यावर. आधी हेच सांगून टाकतो, बाकीचं मंग.

वऱ्हाड तवा नागपूरच्या सरकारात होतं. मोताळ्याच्या अंगानं कापसाच्या गाड्या आमच्या जीनमध्ये येत, अन् रेच्यावर, म्हंजे सरकी काढाच्या मशीनवर, रुई निघे. तिथं बायांच्या दोन जाती. आमी कायमवाल्या, आमाले पितळेचा बिल्ला. बाकीच्या हंगामी, मिस्त्री दारात बोट दाखवन, तिनंच आत जायचं. कायमवालीले लागलं त कायद्यानं भरपाई, हंगामीले लागलं त हळद अन् चुना.

पण कायमवालीनं तीन दिवस खाडा केला का बिल्ला जमा. म्हणून एक आजारी पडली का घरातली दुसरी तिचा बिल्ला घेऊन जाये. सगळ्याच जावा-नणंदा हे करत. मिस्त्रीले सारं माहीत होतं. मेला बिल्ला पाहे, तोंड पाहत नसे.

मले हिवताप भरला. तिसऱ्या दिवशी मी उठून राह्यली होती, त जावेनं धरून निजवलं. म्हणे, "पडा बाई, मी जातो. रेच्याले का तुमचं तोंड पाह्याचं हाये?" मीच माह्या हातानं बिल्ला तिच्या पदराले बांधून देला.

दुपारी तिले गाडीत टाकून आणलं. चालत्या रेच्यात रुई अडकली, ती काढाले गेली अन् रुळानं हात ओढून नेला. डॉक्टरनं तो मनगटातून कापला.

माहा दीर वकिलाकडं जाऊन आला. वकील म्हणे, बिल्ला थोरलीनंच देला, अशी रीतच हाये, हे तिनं सांगितलं त भरपाईचा दावा उभा राहते. मी दिराले म्हटलं, सांगतो. खोटं कायले बोलू, तवा माह्या मनात तेच होतं.

मंग मनेजरनं बोलावलं. टेबलावर बिल्ला ठेवला होता.

"तू देला का तिनं चोरला? देला म्हणशील त तुही जागा गेली. इचार करून बोल."

घरात खाणारी सात तोंडं, अन् कायमची कमाई माही एकटीची. इचार कायचा, बाप्पा, एका दमात बोलून गेली, "मले न इचारता नेला." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. कागदावर अंगठा देला. दावा तिथंच मेला, अन् दुसऱ्या दिवशी मी भोंग्याले हजर.

माह्या तोंडाले काळं लागलं ते लागलंच. दीर माह्याशी बोलेना. जाव मातर बोले, भाजीचं, पाण्याचं, लेकरांचं. लुगड्याच्या निऱ्या एका हातानं होत नाहीत, त रोज सकाळी मीच तिले लुगडं नेसवून देत होती. वर्षभर आमी दोघी अशा तोंडासमोर तोंड उभ्या राह्यलो.

एका सकाळी माह्यानं राहवलं नाही. निऱ्या हातातच राह्यल्या अन् मी रडाले लागली. म्हटलं, "खरं सांगितलं असतं त दोघीबी घरी बसलो असतो वं."

"ते मले समजते, बाई," ती म्हणे. "मीच तुमाले सांगितलं असतं, चोरला म्हणा म्हणून. पण तुमी मले एकदा इचारलं नाही."